बेंगकालात बहिऱ्यांशी सगळेच बोलतात

आमच्या आजोळी शेजारच्या घरात एक काका राहायचे, जन्मापासून ऐकू न येणारे. अख्खं गाव त्यांना 'मुका' म्हणायचं, अगदी तोंडावर, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. त्यांचं खरं नाव मला ते गेल्यावर दहाव्याच्या कार्डावर वाचून कळलं. त्यांच्याशी नीट बोलता यायचं ते फक्त त्यांच्या आईला. कपाळावर बोट टेकलं की माझी आजी, मिशीला पीळ दिला की आजोबा, मनगटावर दोन बोटं फिरवली की बांगडीवाली आलीये, अशा चाळीस-पन्नास खुणा असतील, त्या दोघांनीच मिळून केलेल्या. आई गेल्यावर त्या खुणांत बोलणारं कुणी उरलं नाही आणि पुढची कितीतरी वर्षं ते ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करायचे, लोकही हात करायचे, बस, तेवढंच.

बालीमधल्या बेंगकाला या गावाबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे काका आठवले आणि मग त्या गावाबद्दल मिळेल ते वाचत सुटलो. जेनेटिक्सवाल्यांनी लिहिलेलं वेगळं, भाषावाल्यांनी लिहिलेलं वेगळं, आणि दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय हे गाव कळत नाही असं माझं ठाम मत झालंय.

तर आधी गाव कुठंय ते सांगतो. बाली म्हटलं की आपल्याकडच्या हनीमूनवाल्यांना दिसतो तो दक्षिण भाग, बीच, देनपसारचा एअरपोर्ट वगैरे. बेंगकाला त्याच्या बरोब्बर उलट टोकाला, डोंगररांग ओलांडून उत्तरेकडे उतरलं की बुलेलेंग जिल्हा लागतो, त्याचं मुख्य शहर सिंगराजा, म्हणजे आपला सिंहराजाच, आणि तिथून पूर्वेला पंधराएक किलोमीटरवर थोडं डोंगराच्या अंगाला हे गाव. उत्तरेला समुद्र, दक्षिणेला डोंगर. हा भाग दक्षिण बालीपेक्षा कोरडा, टुरिस्ट फारसे फिरकत नाहीत. गाव मात्र निदान ८०० वर्षं जुनं आहे, आणि लोक शेती, गुरं-डुकरं, रोजंदारी यावर जगतात. म्हणजे बालीतल्या इतर शेकडो गावांसारखंच, एक गोष्ट सोडून. जगात कुठेही जा, साधारण हजार बाळांमागे एक-दोन बाळं जन्मतः बहिरी असतात. १९९५ साली बेंगकालाचा जो अभ्यास छापून आला त्यात गावाची लोकसंख्या २,१८५ होती आणि त्यातल्या ४७ जणांना जन्मापासून अजिबात ऐकू येत नव्हतं. म्हणजे शंभरात दोनपेक्षा जास्त. म्हणून आजूबाजूचे लोक या गावाला 'देसा कोलोक' म्हणतात, कोलोक म्हणजे बहिरा, आणि देसा म्हणजे गाव, हा शब्द संस्कृतातल्या 'देश'वरनं गेलेला. आपण घाटावरच्या मुलखाला देश म्हणतो, त्यांनी तोच शब्द गावाला लावला.

एवढे लोक बहिरे कसे, याचं उत्तर गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलं तर ते एक जुनी गोष्ट सांगतात. दोन मांत्रिकांचं भांडण झालं आणि त्यात गावाला शाप बसला. शिवाय गावात बहिऱ्या देवावरही श्रद्धा आहे. या समजुतींकडे मी हसून बघणार नाही, कारण त्यांच्यात एक फार महत्त्वाची गोष्ट दडलीये. शाप गावाला आहे, एखाद्या आईला किंवा एखाद्या घराला नाही. आपल्याकडे असं मूल झालं की पहिलं बोट कुणाकडे जातं ते आपल्याला माहितीये, 'हिच्याकडेच काहीतरी असणार'. बेंगकालात ती वाटणीच झाली नाही.

आता विज्ञानाचं उत्तर. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून एक बापाकडून. काही बिघाड असे असतात की एक प्रत बिघडली तरी दुसरी काम सांभाळून नेते, माणसाला पत्ताही लागत नाही. दोन्ही बिघडलेल्या मिळाल्या तरच परिणाम दिसतो. बेंगकालातला बहिरेपणा याच प्रकारचा. ज्याच्याकडे एक प्रत बिघडलेली आहे त्याला वाहक म्हणतात, ऐकायला त्याला अगदी ठणठणीत येतं. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळाच्या वेळी चारात एक शक्यता की दोन्ही बिघडलेल्या प्रती त्याच्याच वाट्याला येतील. हे दर बाळाला नव्याने बरं का, 'पहिलं झालं म्हणजे आता पुढची तीन सुटली' असा हिशोब नसतो, पुष्कळ जण इथे फसतात.

त्याच १९९५ च्या अभ्यासाचा अंदाज असा की बेंगकालातल्या ऐकू येणाऱ्या लोकांतही शंभरातले साधारण १७ जण वाहक आहेत. जरा गणित करून बघा. गावातले कोणतेही दोन ऐकू येणारे नवरा-बायको घेतले तर दोघंही वाहक असण्याची शक्यता होते शंभरात तीनच्या आसपास, आणि त्यातल्याही चौथ्या हिश्श्याची मुलं बहिरी, म्हणजे शंभरात एकपण नाही. मग दोनच्या वर आकडा कसा गेला? कारण बहिरी माणसंही लग्न करतात, त्यांनाही मुलं होतात. जोडीदार वाहक असेल तर निम्मी शक्यता, जोडीदारही याच बिघाडाने बहिरा असेल तर सगळीच मुलं बहिरी. एरवी शहरात दोन बहिऱ्या माणसांचं लग्न झालं तर मुलं बरेचदा ऐकू येणारी होतात, कारण बहिरेपणाला कारण ठरणारे जनुक शंभरापेक्षा जास्त आहेत आणि नवऱ्याचा बिघाड एकीकडे, बायकोचा दुसरीकडे असतो. बेंगकालात जवळपास सगळ्यांचा बिघाड एकच, कुणा एका फार जुन्या पूर्वजाकडून आलेला, आणि लग्नं बहुतेक गावातल्या गावात. तो बिघाड पिढ्यान् पिढ्या कुणाला न कळता गावात फिरत राहिला, एखाद्या घराण्यातली जुनी नथ लेकी-सुनांकडून पुढे सरकत जाते ना तसा, आणि मग केव्हातरी दोन वाहकांची गाठ पडली.

शास्त्रज्ञांसाठी हे गाव सोन्याची खाण ठरलं ते याच कारणाने. जनुकशास्त्रज्ञ थॉमस फ्रीडमन यांच्या टीमने १९९० च्या दशकात गावातल्या लोकांच्या रक्ताचे नमुने तपासले. युक्ती अशी की सगळ्या बहिऱ्या लोकांना जर एकाच पूर्वजाकडून एकच बिघाड मिळाला असेल, तर त्या बिघाडाच्या आजूबाजूचा डीएनएचा तुकडासुद्धा सगळ्यांचा सारखा असणार, आणि तोही दोन्ही प्रतींवर सारखा. मग गुणसूत्रांच्या २३ जोड्यांमध्ये असा तुकडा शोधत जायचं. तो सापडला १७ व्या गुणसूत्रावर, १९९५ मध्ये. पत्त्यातली गल्ली कळली, घर कळायचं बाकी होतं.

घर सापडलं ते उंदरामुळे, आणि हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो. प्रयोगशाळांमध्ये कित्येक दशकांपासून उंदरांची एक जात सांभाळलेली होती, 'शेकर-२' नावाची. हे उंदीर जन्मतः बहिरे, शिवाय डोकं झटकत गोल गोल फिरत राहायचे कारण कानाच्या आतच तोल सांभाळणारा भागही असतो आणि तोही त्यांचा बिघडलेला. उंदराच्या गुणसूत्रावर हा बिघाड जिथे होता ती जागा माणसाच्या १७ व्या गुणसूत्रावरच्या त्याच गल्लीशी जुळत होती. मग अमेरिकेतल्या संशोधकांनी निरोगी उंदराच्या डीएनएचे तुकडे एकेक करून शेकर-२ च्या फलित अंड्यांमध्ये सोडून बघितले, आणि एका तुकड्याने जन्मलेलं पिल्लू गोल फिरत नव्हतं आणि त्याला ऐकूही येत होतं! त्या तुकड्यात जो जनुक होता त्याचं नाव मायओ१५ए. मग तोच जनुक बेंगकालाच्या लोकांमध्ये तपासला तर तिथेच बिघाड मिळाला. हे सगळं १९९८ मध्ये छापून आलं.

आता हा जनुक नेमकं करतो काय ते समजून घेऊ, त्यासाठी कानात आत शिरावं लागेल. पडदा, तीन छोटी हाडं, त्यांच्या पलीकडे गोगलगायीच्या शंखासारखी अडीच वेढ्यांची नळी असते, वाटाण्याएवढी. तिच्यात द्रव भरलेला आणि द्रवात बुडालेल्या पेशींची रांग, एका कानात साधारण पंधरा हजार. या प्रत्येक पेशीच्या डोक्यावर अतिसूक्ष्म केसांचा झुपका असतो, आणि तो झुपका कसाही वाढलेला नसतो, एका बाजूला बुटके मग मध्यम मग उंच, अगदी दिवाळीतल्या किल्ल्याच्या पायऱ्यांसारखे. आवाजाने द्रव हलला की झुपका उंच केसांच्या बाजूला वाकतो, केसांच्या टोकांमध्ये बांधलेले धागे ताणले जातात, त्या ताणाने पेशीची बारीक दारं उघडतात आणि मेंदूकडे संदेश जातो. ऐकणं म्हणतात ते हेच, पायऱ्या वाकणं आणि दारं उघडणं, सेकंदाला हजारो वेळा.

पायऱ्या तयार व्हायला हव्यात तर केस वाढायला हवेत. केसाच्या आत ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचे दांडे असतात आणि त्या दांड्यांवरून टोकापर्यंत चढत जाणारं एक प्रथिन असतं, मायोसिन-१५. बांधकामावर शिडीवरून घमेलं घेऊन चढणारा मजूर बघितलाय ना, तसंच. केसाची उंची वाढवायला लागणारं सामान हे प्रथिन खालून उचलतं आणि टोकाला नेऊन टाकतं. माणसात हे भलंमोठं प्रथिन आहे, साडेतीन हजारांच्या वर अमिनो आम्लांची माळ. बेंगकालातल्या बिघाडात या माळेतला फक्त एक मणी बदललाय. साडेतीन हजारातला एक! पण तो नेमका प्रथिनाच्या शेपटीच्या भागात आहे. शेकर-२ उंदरांमध्ये मायक्रोस्कोपखाली दिसतं की या मजुरानं काम सोडलं की केस बुटकेच राहतात. कान बाहेरून अगदी नीट, पडदा नीट, हाडं नीट, मज्जातंतू नीट, फक्त पायऱ्याच उभ्या राहत नाहीत.

पुढे याच जनुकातले वेगवेगळे बिघाड जगभर सापडले, भारतातल्या कुटुंबांतही. म्हणजे हा काही बालीचा खास रोग नाही, बेंगकालात तो फक्त एकाच जागी साठला म्हणून आधी दिसला.

इथपर्यंतची गोष्ट जेनेटिक्सची झाली, आणि बरेच लेख इथेच थांबतात. पण गावात ४० च्या वर माणसं बहिरी आहेत एवढ्याने कुणाचं आयुष्य कसं जाईल ते ठरत नाही. माझ्या आजोळच्या काकांच्या कानातही कदाचित हाच बिघाड असेल, कदाचित दुसरा, कुणी तपासलं नाही. फरक कानात नव्हता, ओट्याच्या समोरच्या रस्त्यावर होता.

बेंगकालात साधारण दीडशे वर्षांपूर्वी, पाचेक पिढ्या झाल्या, एकाच वेळी बरीच बहिरी मुलं गावात वाढायला लागली आणि त्यांच्यात आणि घरच्यांमध्ये खुणा रुळत गेल्या. खुणांची भाषा झाली. तिचं नाव 'काता कोलोक'. काता म्हणजे शब्द, बोलणं, आणि हा शब्दसुद्धा आपल्या 'कथे'वरनंच तिकडे गेलेला! बहिऱ्यांचं बोलणं, असा सरळ अर्थ. ही भाषा कुणी शिक्षकाने आणून शिकवलेली नाही, इंडोनेशियाच्या शहरांत वापरल्या जाणाऱ्या खुणांच्या भाषेशी तिचं नातं नाही, आणि बालीच्या बोलीभाषेचं हातांनी केलेलं भाषांतरही नाही. तिचं व्याकरण तिचं स्वतःचं. आणि मुख्य गोष्ट, ती फक्त बहिऱ्यांची नाही. कॉनी डे व्होस या डच भाषातज्ज्ञ बाई २००६ पासून या गावात काम करतायत, त्यांच्या हिशोबाप्रमाणे गावातल्या पावणेतीन हजारांच्या आसपास लोकांमध्ये ४६ जण बहिरे होते आणि काता कोलोक वापरणारे ऐकू येणारे लोक होते बाराशेच्या आसपास. म्हणजे एका बहिऱ्या माणसामागे पंचवीसेक माणसं अशी की ज्यांना कान आहेत, तोंड आहे, तरी त्यांनी त्याच्यासाठी हात शिकून घेतलेत. काही जण अस्खलित, काही मोडकंतोडकं, दुकानात सामान देण्यापुरतं. पण येतं.

शिकून घेतलेत म्हणालो खरा, पण ते तितकंसं बरोबर नाही, कारण बहुतेकांनी ती लहानपणी अंगणात उचललेली असते. बाळाच्या मेंदूला भाषा कानातून आली काय नि डोळ्यातून आली काय, फरक पडत नाही. १९९१ मध्ये छापलेल्या एका प्रसिद्ध अभ्यासात दिसलं की खुणा करणाऱ्या आईबापांची बहिरी बाळं 'बाबाबा, दादादा' ऐवजी हातांनी तसंच निरर्थक बडबडतात, त्याच वयात. मोठेपणी खुणांची भाषा मेंदूच्या डाव्या बाजूच्या त्याच भागांत चालते जिथे आपली मराठी चालते. पण एक अट आहे, भाषा लहानपणीच समोर हवी. जगात दहातली नऊ बहिरी मुलं ऐकू येणाऱ्या आईबापांच्या घरी जन्मतात, ज्यांना एकही खूण येत नसते, आणि त्यातल्या बऱ्याच मुलांची पहिली काही वर्षं कुठल्याच भाषेविना जातात. बहिरेपणाने होणारं सगळ्यात मोठं नुकसान मला विचाराल तर हेच, ऐकू न येणं नव्हे. बेंगकालात बहिरं मूल जन्मलं तर त्याची आजी, शेजारी, पुढे वाण्याच्या दुकानातला माणूस, सगळे पहिल्या दिवसापासून त्याच्याशी बोलत असतात.

या भाषेतल्या काही गोष्टी जवळून बघण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे दिशा. आपण म्हणतो 'डावीकडे वळ, मग उजव्या हाताला'. काता कोलोकमध्ये डावं-उजवं असं चालतच नाही, जी गोष्ट जिथे आहे तिथे सरळ बोट. सिंगराजाच्या बाजारात काय झालं ते सांगायचंय तर आधी बोट पश्चिमेकडे, कारण सिंगराजा खरोखर पश्चिमेला आहे, मग भले सांगणारा बंद खोलीत बसलेला असो. आता त्याने तुमच्याकडे पाठ केली आणि तीच गोष्ट परत सांगितली तर हात त्याच्या अंगाच्या दुसऱ्या बाजूला जाईल, पण पश्चिमेलाच. म्हणजे बोलणाऱ्याच्या डोक्यात सतत होकायंत्र चालू पाहिजे. बालीच्या बोलीतही दिशा अशाच आहेत, 'काजा' म्हणजे डोंगराकडे आणि 'केलोद' म्हणजे समुद्राकडे, त्यामुळे गंमत अशी की दक्षिण बालीत काजा उत्तरेला येतं आणि बेंगकालात तेच काजा दक्षिणेला. आपल्याला हे अगदीच परकं वाटायला नको, उगवतीकडे-मावळतीकडे, वरची आळी-खालची आळी, घाटावर जातो-खाली कोकणात उतरतो, हे आपली म्हातारी माणसं अजून बोलतात. गुगल मॅपने आपल्याला डावं-उजवंवर आणून ठेवलं.

वेळही अशीच. सकाळी नऊ म्हणायचं तर आकाशात सकाळी नऊला सूर्य जिथे असतो तिथे हात करायचा, दुपार डोक्यावर, संध्याकाळ मावळतीला. अख्खं आकाश म्हणजे घड्याळाची तबकडी. काम संपलं, झालं, हे सांगायला हात लागत नाहीत, ओठ मिटून पटकन उघडायचे, त्या एका चाळ्याने क्रियापद भूतकाळात गेलं म्हणा ना.

रंगांसाठी मात्र चारच खुणा आहेत, काळा, पांढरा, लाल आणि निळा-हिरवा मिळून एक. बाकी रंग हवा असेल तर त्या रंगाची जवळपासची वस्तू दाखवायची. हे वाचून कुणाला वाटेल भाषा गरीब आहे. तसं नाही. जिथे बोलणारा आणि बघणारा एकमेकांना जन्मापासून ओळखतात, एकाच अंगणात उभे असतात, तिथे बोटाने काम भागतं. एवढंच काय, संशोधकांना असंही दिसलंय की एकाच गोष्टीला गावात वेगवेगळ्या खुणा चालतात आणि कुणाचं अडत नाही, कारण अमका माणूस डुकराला कुठली खूण करतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. मोठ्या शहराच्या भाषेला असं परवडत नाही, तिथे अनोळखी माणसांशी बोलायचं असतं म्हणून सगळं ठरलेलं लागतं.

नावांचं तर फारच छान आहे. बालीत जन्माच्या क्रमाने नाव ठेवतात, पहिला वायान, दुसरा मादे, तिसरा न्योमान, चौथा केतुत, मुलगा असो की मुलगी. म्हणजे गावात वायान किती असतील विचार करा. खुणांच्या नावात तो घोळ नाही, तिथे माणसाच्या दिसण्यावरून किंवा सवयीवरून खूण पडते. आमच्या काकांनी आजोबांना मिशीचा पीळ दिला तसंच हे, फक्त ती खूण दोघांना नाही तर शेकडो लोकांना माहीत.

रोजच्या व्यवहारात बेंगकालातले कोलोक लोक शेती करतात, मजुरी करतात, गावच्या पाण्याच्या पाइपलाइनची देखभाल त्यांच्याकडे असते, कबर खणणं, रात्रीची राखण ही कामंही परंपरेने त्यांची. इथे मी थोडा थबकलो, कबर खणणं हे मानाचं काम की उरलेलं काम? गावाला स्वर्ग ठरवायची माझी इच्छा नाही, पैशाने तिथले बहिरे लोक सुखवस्तू नाहीत आणि शाळा तर त्यांच्या कित्येक पिढ्यांना मिळालीच नाही, गावच्या शाळेत बहिऱ्या मुलांची सोय झाली ती २००७ च्या सुमारास. पण ते गावच्या व्यवहारात आहेत, त्यांच्यावाचून गावाचं अडतं. त्यांचा स्वतःचा नाचही आहे, 'जांगेर कोलोक', जांगेर हा बालीचा तरुण पोरापोरींचा नाच, तो हे लोक एकमेकांकडे बघून लय धरत नाचतात.

असं गाव जगात एकच आहे असं नाही. अमेरिकेच्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावर १९ व्या शतकात चिलमार्क नावाच्या गावात २५ माणसांत एक बहिरा होता आणि तिथेही सगळं गाव खुणा करायचं. पुढे लोक बाहेर लग्नं करायला लागले, मुलं दूरच्या बहिऱ्यांच्या शाळेत गेली, आणि तिथली शेवटची जन्मतः बहिरी बाई १९५२ मध्ये वारली, मग भाषाही संपली. आपल्या शेजारी कर्नाटकात अलीपूर गावातही अशी खुणांची भाषा आहे. नात्यात लग्नं हे अशा ठिकाणी बहुतेक वेळा कारण असतं, आणि मामाची मुलगी करणं महाराष्ट्रातही अनेक घरांत अजून सहज चालतं, त्यामुळे हे गणित आपल्यालाही लागू आहे. चुलत-मामे भावंडांचे आजी-आजोबा एकच, म्हणजे लपलेली बिघडलेली प्रत दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. यात कुणाला दोष द्यायचा नाही, पण घरात आधी बहिरं मूल असेल तर लग्नाआधी जेनेटिक काउन्सेलिंग घ्यावं आणि प्रत्येक बाळाची ऐकण्याची तपासणी जन्मल्यावर लगेच करून घ्यावी, ती दोन मिनिटांची असते आणि बाळाला दुखत नाही.

मग हा बिघाड दुरुस्त नाही का होणार, असं कुणीतरी विचारेलच. ओटीओएफ नावाच्या दुसऱ्या एका जनुकामुळे बहिऱ्या असलेल्या काही मुलांना जीन थेरपीने ऐकू यायला लागल्याचे निकाल २०२४ मध्ये आले, चांगला जनुक निरुपद्रवी विषाणूत भरून कानात सोडायचा अशी ती पद्धत. पण त्या विषाणूच्या पोटात डीएनएची पावणेपाच हजारच्या आसपास अक्षरं मावतात. मायओ१५ए ची प्रथिन बनवणारी अक्षरंच साडेदहा हजारांच्या वर. ओटीओएफ दोन तुकड्यांत बसवला, याला निदान तीन लागतील, शिवाय इथे पायऱ्या बाळ पोटात असतानाच उभ्या राहायला लागतात, त्यामुळे नंतर दिलेला जनुक कितपत उपयोगी पडेल हा वेगळाच प्रश्न.

आणि तोवर गाव बदलतंय. बेंगकालातली बहिरी मुलं आता शिकायला बाहेर जातात, दक्षिण बालीतल्या जिंबारानच्या बहिऱ्यांच्या शाळेत जातात, तिथे इंडोनेशियाची शहरी खुणांची भाषा शिकतात, मित्र मिळतात, जोडीदार मिळतो. बाहेरच्या बहिऱ्या माणसाशी लग्न झालं की बहुतेक वेळा दोघांचा बिघाड वेगळा, मुलं ऐकू येणारी. त्या मुलांना शिक्षण हवंच, बाहेरचं जग हवंच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण प्रत्येक पिढीत बहिरी मुलं कमी होत गेली आणि जी आहेत ती शहरी खुणा करू लागली की गावातल्या बाराशे लोकांना काता कोलोक शिकायचं कारणच राहणार नाही. म्हणून डे व्होस आणि त्यांच्या जोडीचे संशोधक, गावातल्याच लोकांना बरोबर घेऊन, म्हातारी कोलोक माणसं गप्पा मारतानाचे व्हिडिओ करून ठेवतायत, खुणेगणिक नोंद, घरागणिक नोंद. या भाषेला लिपी नाही त्यामुळे व्हिडिओ हीच तिची वही.

ते वाचल्यावर मी परवा आईला फोन करून विचारलं, काकांच्या कुठल्या खुणा आठवतात का. मला सात-आठ येत होत्या, तिला आणखी अकरा आठवल्या. व्हिडिओ कॉलवर तिने एकेक करून दाखवल्या, मी फोनवर रेकॉर्ड केल्या. 'पाऊस येणार' ची खूण करताना तिने हात उजवीकडे नेला नाही, खिडकीकडे वळून ज्या बाजूने आमच्या गावाला पाऊस येतो तिकडे नेला.